लाटा बदलत आहेत का? कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाटांच्या नोंदी वाचणं हे माझं काम आणि आजोळ मालवणजवळच्या देवबागचं. त्यामुळे गावी गेलं की पायरीवर बसायच्या आत प्रश्न सुरू होतात. बरेचसे तेच तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः डहाणू ते वेंगुर्ला या किनाऱ्याची आहेत, पण लाट कुठून निघते ते सांगायला पार दक्षिण ध्रुवाच्या बाजूला जावं लागतं.

समुद्र पूर्वीपेक्षा खरंच जास्त खवळतो का?

जगाचा एकत्रित हिशेब मांडला तर हो, थोडा जास्त. पण तो सगळीकडे सारखा नाही.

१९८५ पासून उपग्रह रडारने लाटांची उंची मोजत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८५ ते २०१८ या काळातल्या ३१ उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी लाटांची वाढ किरकोळ निघाली, पण मोठ्या लाटा जास्त मोठ्या झालेल्या दिसल्या. सगळ्यांत ठळक बदल अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात होता. तिथे तीस वर्षांत टोकाच्या लाटा सुमारे ३० सेंटिमीटरने, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढल्या आणि टोकाचे वारे सुमारे ८ टक्क्यांनी.

"तीस सेंटिमीटर? एवढंच?" असं बहुतेक जण म्हणतात. पण लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. उंची १० टक्क्यांनी वाढली की ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. आणि ही लाट तिथेच राहत नाही.

दक्षिण महासागर कुठे आणि आमचं गाव कुठे? त्याचा आम्हाला काय त्रास?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब देते.

किनाऱ्यावर दोन जातींच्या लाटा येतात. एक जवळच्या वाऱ्याची. दुपारी खारा वारा सुटला की पाणी बारीक बारीक उसळायला लागतं, ती ही. तिचा आवर्तकाल, म्हणजे एक माथा गेल्यावर दुसरा येईपर्यंतचा वेळ, पाच-सात सेकंदांचा. दुसरी लांबून आलेली. तिला स्वेल म्हणतात. ज्या वादळाने ती उठवली ते कधीच विरून गेलेलं असतं, पण लाट चालत राहते. तिचा आवर्तकाल १४, १६, कधी १८ सेकंद.

खोल पाण्यात आवर्तकाल जितका मोठा तितकी लाट वेगवान. १६ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ४०० मीटर भरते आणि तिची ऊर्जा ताशी ४५ किलोमीटरने, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर पुढे सरकते. दक्षिण गोलार्धात ४५ अंशांवर वादळ झालं, तर तिथून मालवण साधारण पावणेसात हजार किलोमीटर आहे. सहा-सात दिवसांत लाट दारात. १२ सेकंदांची लाट त्याच वादळातून निघाली तरी मागून दोन दिवसांनी पोचते. म्हणून स्वेल येताना आधी लांब, संथ, उंचीला मामुली लाटा येतात आणि नंतर त्या आखूड होत जातात. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा प्रशांत महासागर ओलांडून अलास्कापर्यंत बेटाबेटांवरून मोजत नेल्या. तेव्हापासून याबद्दल शंका उरलेली नाही.

दक्षिण महासागरातून भारतापर्यंत वाटेत आडवी येणारी जमीन फारशी नाही. म्हणून तिथले वारे बदलले की त्याची खूण आपल्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उमटते. ते वारे बदललेही आहेत: ओझोनचा थर विरळ झाल्यामुळे आणि हवेतला कार्बन वाढल्यामुळे तिथल्या पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा ध्रुवाकडे सरकला आणि जोरकस झाला.

हिवाळ्यात एक तिसरा पाहुणाही असतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये इराणच्या आखाताकडून शमाल वारे सुटतात. त्यांच्या लाटा वायव्येकडून रत्नागिरी-गोव्यापर्यंत येतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि समुद्र मात्र अस्वस्थ, असं थंडीत दिसलं तर कारण बहुधा हे.

पावसाळ्यात चार मीटरच्या लाटा येतात. मग मे महिन्यात दीड मीटरसाठी इशारा कशाला?

४ आणि ५ मे २०२४ ला मुंबईसह किनाऱ्याला असाच इशारा होता: अर्धा ते दीड मीटर उंचीच्या लाटा. "यात काय घाबरायचं?" असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं.

उंचीइतकाच आवर्तकाल महत्त्वाचा असतो. एकाच पुळणीवर, एकाच उंचीची ७ सेकंदांची लाट आणि १६ सेकंदांची लाट आली, तर दुसरीचं पाणी दुपटीहून जास्त वर चढतं. कारण ती फुटते तेव्हा मागे पाण्याचा प्रचंड लोट असतो. पहिली लाट म्हणजे चापट आणि दुसरी म्हणजे ढकलणं. शिवाय ७-८ सेकंदांच्या लाटेला ५० मीटर खोलीवरही तळाचा पत्ता नसतो, तर १६ सेकंदांची लाट २०० मीटर खोलीपासूनच तळाशी घासायला लागते, वळते आणि एखाद्या खडकाळ टोकाशी एकवटते. म्हणून गावातली एक वाडी कोरडी राहते आणि पलीकडच्या वाडीत अंगणापर्यंत पाणी येतं.

मे महिन्यात आभाळ स्वच्छ असतं, मुलं पाण्यात असतात, होड्या पुळणीवर सैल ठेवलेल्या असतात. पावसाळ्यात सगळे सावध असतात, मे महिन्यात कुणीच नसतं. केरळात याला 'कळ्ळकडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोनेही हा शब्द अधिकृतपणे स्वीकारला. मार्च २०२४ च्या अखेरीला केरळच्या किनाऱ्यावर वादळ नसताना घराघरांत पाणी शिरलं ते यामुळेच.

बातमीत 'आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असं येतं. ते खरं असतं का?

बहुतेक वेळा नाही, आणि ही चूक दरवर्षी होते याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती साडेचार मीटरची उंची भरतीची असते. नकाशावरच्या आधारपातळीपासून पाणी किती वर येणार ते त्यात सांगितलेलं असतं आणि चंद्र-सूर्याच्या गणिताने ते वर्षभर आधी काढता येतं. लाटा त्या पाण्यावर वेगळ्या असतात. लोकांनी दोन्ही एकच समजलं, तर ज्या दिवशी भरती साधी पण स्वेल मोठा, त्या दिवशी कुणीच सावध राहत नाही.

अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि मोठा स्वेल एकाच वेळी आले तर धोका, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत स्वेल आला तर बराच कमी. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक मोठा, मालवणकडे तो निम्म्याच्या आसपास, केरळात त्याहून कमी. म्हणून जसजसं दक्षिणेला जाऊ तसतसा पाणी घरात शिरण्यात लाटांचा वाटा वाढत जातो.

लाटांच्या अंदाजात '२.५ मीटर' लिहिलं असेल तर सगळ्या लाटा अडीच मीटरच्या असतात का?

नाही. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. तीन तासांत हजारेक लाटा येतात आणि त्यांतली एखादी जवळपास दुप्पट, म्हणजे साडेचार-पाच मीटरची असू शकते. खाडीच्या तोंडातून होडी काढणाऱ्याने हिशेब त्या एकीचा करायचा असतो.

चाळीस वर्षांच्या नोंदींवरून 'कायमचा बदल' कसा म्हणायचा?

हा प्रश्न रास्त आहे. एक जुनं उदाहरण सांगते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सेव्हन स्टोन्स नावाच्या दीपनौकेवर १९६० च्या दशकापासून लाटा मोजल्या जात. १९८८ पर्यंत त्या इतक्या वाढलेल्या दिसल्या की 'ईशान्य अटलांटिक अधिक खवळला आहे काय?' असा थेट प्रश्न शास्त्रज्ञांनी शोधनिबंधात विचारला. पुढे कळलं की त्यातला मोठा भाग उत्तर अटलांटिकमधल्या हवेच्या दाबाच्या नैसर्गिक झोक्याचा होता. हा झोका काही दशकं एका बाजूला राहतो, मग दुसऱ्या.

तेव्हापासून या क्षेत्रातले लोक जपून बोलतात. एका ठिकाणच्या तरंगकावर, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रावर, विसंबायचं नाही, उपग्रह, जहाजांच्या नोंदी आणि वाऱ्यांवरून संगणकाने पुन्हा रचलेला इतिहास हे सगळं जुळतं का ते पाहायचं. दक्षिण महासागराच्या बाबतीत ते जुळतं. अरबी समुद्रात पावसाळी लाटा मोसमी वाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे वर्षावर्षातला चढउतारच मोठा असतो. म्हणून 'आपल्याकडच्या पावसाळी लाटा अमुक टक्के वाढल्या' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला नोंदी किती वर्षांच्या, एवढं जरूर विचारा. रत्नागिरीसमोर आणि इतरत्र हैदराबादची इन्कॉइस (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) आणि गोव्यातल्या दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी पाण्यात सोडलेले पिवळे तरंगक हाच आपला खरा आधार आहे. मच्छीमार बांधवांना एक विनंती: त्यांना होडी बांधू नका, जाळं अडकलं तर दोर कापू नका. एक तरंगक हरवला की मोजमापाची साखळीच तुटते, आणि ते महिने पुन्हा भरून काढता येत नाहीत.

चक्रीवादळं वाढली म्हणतात. लाटांशी त्याचा संबंध काय?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी आणि त्यांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढला. कोकणात तर आता वर्षं वादळांच्या नावाने लक्षात राहतात: २००९ चं फयान, ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते.

पण लाटांच्या दृष्टीने शिकण्यासारखं वादळ म्हणजे ऑक्टोबर २०१९ चं क्यार. ते आपल्या जमिनीवर आलंच नाही. समुद्रातच महाचक्रीवादळ झालं आणि ओमानच्या दिशेने निघून गेलं. तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कित्येक वाड्यांत समुद्राचं पाणी शिरलं, कारण त्याच्या लाटा दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणावर आल्या. वादळ किनाऱ्यावर धडकणार नाही एवढ्याने निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

पुळण दरवर्षी कमी होते आहे. हे लाटांमुळेच का?

आधी दरवर्षीचं आणि कायमचं वेगळं करू. जून लागला की पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिची दांडी घालतात. ती दांडीच पुढच्या लाटा आधी फोडून गावाला वाचवते. गणपतीनंतर समुद्र निवळला की संथ लाटा तीच वाळू परत आणून टाकतात आणि शिमग्यापर्यंत पुळण भरते. ऑगस्टमधला फोटो टाकून 'किनारा गेला' म्हणणं बरोबर नाही. शिमग्याचा फोटो दहा वर्षांपूर्वीच्या शिमग्याच्या फोटोशी ताडून पाहा.

कायमची धूप अनेक वाटांनी होते. एक, लाटांची दिशा. कोकणातल्या पुळणी दोन डोंगरसोंडांच्या मधल्या ओंजळीत असतात. लाटा काही अंशांनी जरी जास्त दक्षिणेकडून येऊ लागल्या, तरी वाळू ओंजळीतल्या उत्तरेच्या कोपऱ्यात सरकते. दक्षिणेची वाडी उघडी पडते, उत्तरेची भरते, आणि एकूण वाळू तेवढीच राहते. तुमच्या गावात असं एकतर्फी दिसत असेल तर दिशेचा संशय घ्या.

दोन, नदीतून येणारी वाळू तोडली जाते. धरणं, आणि खाडीतला सक्शन पंपाचा उपसा. याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे: खाडीतून रात्री वाळू उपसायची आणि सकाळी 'हवामानबदलामुळे पुळण गेली' म्हणायचं, हा पुढच्या पिढीवर अन्याय आहे. बदललेल्या लाटेला तोंड द्यायला वाळूच हवी.

तीन, बंदरांचे बांध वाळूची वाट अडवतात. एका बाजूला साठा, दुसऱ्या बाजूला खड्डा.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ च्या उपग्रहचित्रांवरून देशाचा ३३.६ टक्के किनारा धूप होणारा दाखवला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे पाव आहे, पण आपला बराच किनारा खडकाचा आहे हे विसरू नका. धूप नेमकी जिथे वाळू आणि वस्ती आहे तिथे होते. देवबागसारख्या गावात एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. तिथे मागे सरायला जागाच नाही.

समुद्राची पातळी वाढते त्याचा आणि लाटांचा वेगळा विचार का करायचा?

कारण दोघी मिळून काम करतात. २००६ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. याच वेगाने तीस वर्षांत ११ सेंटिमीटर. उथळ पाण्यात लाट खोलीच्या साधारण पाऊण पटीहून उंच राहू शकत नाही, ती फुटते. पाणी वाढलं की बांधापर्यंत पोचणारी लाटही मोठी होते. पातळी हळूहळू उंबरा खाली करत राहते, आणि तो ओलांडते ती लाट.

आमच्या वाडीला धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला आहे. आता काळजी मिटली ना?

मागे घरं, शाळा, रस्ता असेल आणि दुसरा इलाज नसेल तर दगडी बंधारा हवाच. ज्याच्या माजघरात पाणी आलं आहे त्याला मी वाळूच्या गोष्टी सांगणार नाही. पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे ग्रामसभेत आधी कळायला हवं.

बंधारा जमीन राखतो, पुळण राखत नाही. लाट दगडावर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. काही वर्षांत समोरची पुळण इतकी खाली जाते की भरतीला उभं राहायला जागा नसते. मग रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कुठे ओढायची, होडी कुठे लावायची? आणि बंधारा जिथे संपतो तिथे पलीकडची वाळू जास्त वेगाने कापली जाते. 'त्यांना बंधारा झाला आणि आमची पुळण गेली' ही तक्रार किनाऱ्यावर जागोजाग ऐकू येते, आणि ती बहुधा खरी असते.

दगडाचं वजन हाही प्रश्न आहे. बंधाऱ्याच्या दगडाला लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. लाट १० टक्के उंच झाली तर दगड ३३ टक्के जड हवा. वीस वर्षांपूर्वीच्या लाटा धरून आखलेला बंधारा दर पावसाळ्यात सुटत असेल, तर ठेकेदाराच्या कामाबरोबर त्या आखणीतला लाटेचा आकडाही तपासायला सांगा. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात लाटांच्या कुंडात प्रतिकृती ठेवून अशा चाचण्या होतात.

मग दुसरा मार्ग कोणता?

पुदुच्चेरीचं उदाहरण पाहा. १९८० च्या दशकातल्या बंदराच्या बांधांनी उत्तरेकडे जाणारी वाळू अडली, शहरासमोरची पुळण नाहीशी झाली आणि दगडांची भिंत उरली. नंतर चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली बांध घालून आणि गाळातून काढलेली वाळू टाकून तिचा एक भाग परत मिळवला. कर्नाटकात मंगळुरूजवळ उल्लाळलाही लाट किनाऱ्याआधी फोडणारे बुडीत बांध घातले आहेत. नेदरलँड्सने २०११ मध्ये एकाच जागी सुमारे दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळू टाकून ती पसरवायचं काम लाटांवरच सोपवलं. तेवढी वाळू आणि पैसा आपल्याकडे नाही, पण विचार घेण्यासारखा आहे.

आणि मर्यादवेल. जांभळ्या फुलांची ती वेल वाळूच्या उंचवट्याला बांधून ठेवते. रिसॉर्टसाठी उंचवटा सपाट करून वेल उपटली की गावाचा पहिला बंधारा फुकटात पाडला, असं समजा.

मच्छीमारांनी काय लक्षात ठेवायचं?

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी सोडून उरलेल्या महिन्यांत इन्कॉइसचा अंदाज पाहताना उंचीशेजारचा सेकंदांचा आकडाही वाचा. १४ च्या वर असेल आणि ओहोटीची वेळ असेल तर खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करू नका. बाहेर जाणारा ओहोटीचा प्रवाह आणि आत येणारी लांब लाट दांडीवर समोरासमोर भिडली की लाट ताठ उभी राहते आणि होडी तिथेच उलटते. भरती होईपर्यंत बाहेर थांबणं परवडतं.

किनाऱ्यालगत जागा घ्यायची आहे. काय पाहू?

पुण्या-मुंबईकडून आणि आखातातूनही हा प्रश्न फार येतो. जागा मे महिन्यात दाखवतात, तुम्ही ती श्रावणातल्या उधाणाला पाहा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष उरलेली जमीन मोजून घ्या. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की माडांच्या किती रांगा गेल्या. विहिरीचं पाणी चाखा, मचूळ असेल तर समुद्र जमिनीखालून पोचलाच आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. दाट वस्तीत हे अंतर ५० मीटरपर्यंत खाली आलं आहे. परवानगी मिळाली म्हणजे लाट तिथे येणार नाही, असं मात्र नाही.

पुढच्या पन्नास-ऐंशी वर्षांत काय होईल?

२०१३ मध्ये अनेक संगणकीय प्रारूपं एकत्र करून मांडलेल्या अंदाजात लाटांची सरासरी उंची जगातल्या फक्त ७ टक्के समुद्रावर वाढताना दिसली, त्यातही मुख्यतः दक्षिण महासागरात. सुमारे २६ टक्के भागात ती उलट घटते. पण आवर्तकाल ३० टक्के भागात वाढतो, कारण दक्षिणेचे स्वेल उत्तरेपर्यंत पोचतात. २०१९ च्या अशाच मोठ्या अभ्यासाने कार्बनचं उत्सर्जन जास्त राहिलं तर शतकाअखेरीस जगाच्या सुमारे निम्म्या किनाऱ्यावर लाटांची उंची, आवर्तकाल किंवा दिशा यांपैकी काही ना काही बदलेल असं म्हटलं. म्हणून 'लाटा किती उंच होणार' एवढंच विचारू नका. किती लांब होणार आणि कुठल्या बाजूने येणार, हे आपल्या पुळणींसाठी जास्त मोलाचं आहे.

गावात आम्ही स्वतः काही मोजू शकतो का?

हो, आणि त्याला खर्च नाही. न हलणारी एक जागा ठरवा: देवळाची पायरी, शाळेचा कठडा, विहिरीचा काठ. दर अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीच्या वेळी तिथून एकाच दिशेने फोटो काढा. पायरीपासून ओल्या रेषेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. वहीत तारीख, तिथी, वेळ, वारा कुठला आणि घड्याळ लावून दहा लाटांना लागलेले सेकंद लिहा. त्या आकड्याला दहाने भागलं की आवर्तकाल मिळतो. पाणी नेहमीच्या पुढे आलं तर कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर करून ठेवा, पुसू नका. वही शाळेत ठेवा, म्हणजे मुलं बदलली तरी वही चालू राहील.